विमानातील आपत्कालीन दाराजवळची सीट: घेण्यापूर्वी काय पाहावे आणि घेतल्यावर काय करावे

वडिलांचा उजवा गुडघा अनेक वर्षांपासून वाकत नाही. त्यांना छत्रपती संभाजीनगरहून दिल्लीला न्यायचे ठरले, तेव्हा मी तिकिटाबरोबर त्यांच्यासाठी बाराव्या रांगेतील सीट जादा पैसे भरून घेतली, कारण सीटच्या नकाशात तिथे पाय पसरायला भरपूर जागा दिसत होती. त्याच तिकिटावर मी व्हीलचेअरचीही मागणी नोंदवलेली होती. चिकलठाणा विमानतळावर सामान देताना काउंटरवरील कर्मचाऱ्याने ती नोंद पाहिली, वडिलांकडे पाहिले आणि नम्रपणे सांगितले की, ही रांग आपत्कालीन दाराची आहे, व्हीलचेअर लागणाऱ्या प्रवाशाला ती देता येत नाही. वडिलांना विमानाच्या मागच्या भागातील मधली सीट मिळाली आणि भरलेले पैसे परत आले नाहीत, कारण तशी अट सीट विकत घेतानाच लिहिलेली होती आणि मी ती वाचली नव्हती. जालना, बीड, परभणीकडील अनेक कुटुंबांत आता पुण्या-बंगळुरूला नोकरी करणारी मुले गावाकडील आई-वडिलांची विमानाची तिकिटे काढतात, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांकडून चांगल्या हेतूने नेमकी हीच चूक होते. म्हणून हा लेख तिकीट काढण्यापासून विमानातून उतरण्यापर्यंतच्या क्रमाने लिहिला आहे.

ही सीट नेमकी कशासाठी असते

आपल्या एस.टी. गाडीत एका खिडकीवर किंवा दारावर ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ असे लिहिलेले असते. विमानातील आपत्कालीन दार त्याच अर्थाचे आहे, पण त्याच्याशेजारी कोण बसेल हे विमानात कुणाच्याही मर्जीवर सोडलेले नसते. त्याचे कारण विमानाच्या रचनेत आहे.

आपल्याकडे देशांतर्गत मार्गांवर सर्वाधिक दिसणाऱ्या एअरबस ए320 या विमानात साधारण 180 ते 186 प्रवासी बसतात. भारतातील नियमानुसार दर 50 आसनांमागे एक केबिन क्रू, म्हणजे प्रवाशांची काळजी घेणारा विमानातील कर्मचारी, लागतो, म्हणजे अशा विमानात चार जण असतात. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी ते पुढच्या आणि मागच्या मोठ्या दारांजवळच्या आपापल्या आसनांवर पट्टा बांधून बसतात. विमानाच्या मध्यभागी, पंखांवर उघडणारी लहान दारे मात्र दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन असतात आणि त्यांच्याजवळ क्रूचे आसन नसते. धोका उद्भवला तर ती दारे तिथे बसलेल्या प्रवाशालाच उघडावी लागतात. त्यामुळे जादा पैसे देऊन पाय मोकळे ठेवण्याची सोय आपण घेतो, तेव्हा त्या दाराची जबाबदारीही आपल्याकडे येते. हे एक वाक्य नीट समजले, तर पुढचे सगळे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

प्रवासी विमानाला परवाना मिळण्यापूर्वी एक कठोर चाचणी असते: निम्मी दारे बंद आहेत असे धरून, भरलेले विमान 90 सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे. पंखांवरील या दारांचा किमान आकार 20 इंच रुंद आणि 36 इंच उंच इतकाच असतो. एवढ्या अरुंद वाटेत एखादी पर्स, सैल पडलेला पट्टा किंवा उठायला वेळ लागणारा माणूस आडवा आला, तर मागे रांगेत असलेल्या पन्नास-साठ जणांची वाट अडते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. 22 ऑगस्ट 1985 रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर विमानतळावर उड्डाणासाठी धावत असलेल्या बोइंग 737 विमानाला आग लागली. विमान थांबले, तरीही 137 पैकी 55 जण दगावले. पंखावरील दाराजवळ बसलेल्या प्रवासी महिलेने घाईत दाराच्या खिट्टीऐवजी आपल्या सीटचा हात ठेवण्याचा दांडा ओढला. शेजारणीने खरी खिट्टी ओढली, तेव्हा सुमारे 22 किलोचे ते दार आत, त्या महिलेच्या अंगावर कोसळले. दुसऱ्या प्रवाशाच्या मदतीने ते बाजूला करून वाट मोकळी होईपर्यंत मोलाचे सेकंद गेले होते. त्या दुर्घटनेनंतर ब्रिटनमध्ये पंखांवरील दारांकडे जाणारी वाट रुंद करण्याचे नियम झाले, आणि अमेरिकेने 1990 मध्ये अशा सीटवर कोण बसू शकेल याचे स्वतंत्र नियम केले. आज बाराव्या-तेराव्या रांगेत पायांना जी मोकळी जागा दिसते, ती मुळात माणसे पटकन बाहेर पडावीत म्हणून ठेवलेली आहे. कंपन्या तिचे जादा पैसे घेतात ही नंतरची गोष्ट.

आपल्या शहरानेही अशी वेळ पाहिली आहे. 26 एप्रिल 1993 रोजी औरंगाबादहून उड्डाण करताना इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीच्या टोकापलीकडील रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या ट्रकला धडकले आणि पुढे जाऊन कोसळले. विमानात 118 जण होते. त्यांपैकी 55 जण मृत्युमुखी पडले आणि 63 जण वाचले. विमान कोसळले म्हणजे सगळे संपले, ही समजूत आपल्याकडे फार रुजलेली आहे आणि ती चुकीची आहे. कित्येक अपघातांत वाचण्याची संधी असते आणि ती काही सेकंदांची असते, म्हणूनच दाराजवळ कोण बसला आहे याला महत्त्व आहे.

पहिली पायरी: सीट निवडण्यापूर्वी स्वतःला विचारायचे प्रश्न

ही सीट कुणाला देता येत नाही, याची यादी प्रत्येक विमान कंपनी आपल्या अटींमध्ये देते आणि त्या याद्या एकमेकींशी बऱ्याच जुळतात. लहान मुले, तान्हे बाळ सोबत असलेले प्रवासी, गरोदर स्त्रिया, व्हीलचेअर किंवा चालताना इतरांची मदत लागणारे, ज्यांच्या हाता-पायांत किंवा पाठीत दार उचलण्याइतके बळ नाही असे, दृष्टी किंवा श्रवण इतके कमी असलेले की सूचना दिसणार वा ऐकू येणार नाहीत असे, आणि पट्टा अपुरा पडत असल्याने जोडपट्टा घेणारे प्रवासी इथे बसू शकत नाहीत. वयाची अट अमेरिकी नियमात 15 वर्षांची आहे. काही कंपन्या ती याहून जास्त ठेवतात, त्यामुळे दहावी-अकरावीतील मुलासाठी ही सीट घेण्याआधी त्या कंपनीची अट वाचावी. हाताला प्लास्टर असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा सोबत सांभाळावी लागणारी व्यक्ती असेल, तरीही हा विचार सोडावा.

यातील शेवटचा मुद्दा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपण स्वतः धडधाकट असाल, पण शेजारी सत्तरीची आई बसलेली असेल, तर धोक्याच्या क्षणी आपण आधी आईकडे वळणार, दाराकडे नव्हे. ते स्वाभाविकच आहे आणि त्यात दोष नाही. म्हणूनच ज्यांच्यावर कुणाची तरी तत्काळ जबाबदारी आहे, त्यांना इथे बसवत नाहीत. आईसोबत जात असाल तर दोघांनीही दुसरी रांग घ्यावी.

भाषेचाही प्रश्न आहे. दाराच्या सूचना क्रू तोंडी देतात, त्या बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत असतात, आणि प्रवाशाला त्या समजल्या पाहिजेत अशी अट असते. मराठवाड्यात हिंदी समजणारे पुष्कळ आहेत, आणि इंग्रजीत सांगायला सुरुवात झाली तर ‘हिंदी में बताइए’ असे म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही. न समजता मान डोलावणे मात्र फार चुकीचे आहे. सूचना खरोखरच समजल्या नाहीत तर तसे स्पष्ट सांगून सीट बदलून घ्यावी.

बळाचा अंदाज घ्यायचा असेल तर असा घ्यावा: ए320 विमानाच्या पंखावरील दार सुमारे 15 किलोचे असते आणि ते खिट्टी ओढल्यावर चौकटीतून सुटून हातात येते, ते उचलून बाहेर फेकावे लागते. पाण्याने भरलेली मोठी घागर बसल्या जागेवरून उचलून खिडकीबाहेर टाकता येईल का, असा प्रश्न स्वतःला विचारावा. नव्या बोइंग 737 विमानांत हे दार वरच्या बाजूला बिजागरीने जोडलेले असते आणि खिट्टी ओढताच स्वतःहून बाहेर-वर उघडते, त्यामुळे तिथे उचलण्याचे काम नसते. तरीही दार उघडल्यावर पंखावर पाय टाकून सर्वांत आधी बाहेर पडायचे असतेच.

शारीरिक कारण काही नसेल, पण ही जबाबदारी घ्यायला मन तयार नसेल, तरी नाही म्हणण्याचा पूर्ण अधिकार आपल्याला आहे. त्यासाठी कारण सांगावे लागत नाही आणि क्रूला आपली जागा बदलून द्यावी लागते. नव्याने प्रवास करणाऱ्यांना हे ठाऊक नसते, म्हणून संकोचाने ते बसून राहतात.

दुसरी पायरी: सीटचा नकाशा वाचणे

तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो आधी पाहावा. ए320 मध्ये प्रत्येक रांगेत सहा सीट असतात: ए आणि एफ खिडकीजवळच्या, सी आणि डी चालण्याच्या वाटेलगतच्या, बी आणि ई मधल्या. इंडिगोच्या ए320 विमानांत आपत्कालीन दारांच्या रांगा 12 आणि 13 या आहेत. या दोन रांगांत एक फरक आहे. तेराव्या रांगेपुढची वाट मोकळी राहावी म्हणून बाराव्या रांगेची पाठ मागे झुकत नाही, आणि बाराव्या रांगेसाठी अकराव्या रांगेची झुकत नाही. पाठ टेकून झोपायचे असेल आणि दोन्ही रांगांत जागा असेल, तर तेरावी बरी. अकराव्या रांगेला तर ना पायांची जादा जागा ना झुकणारी पाठ, त्यामुळे ती पैसे देऊन घेण्यात अर्थ नाही.

सगळ्याच विमानांत ही रांग मध्यभागी असते असे नाही. नांदेडहून उडणाऱ्या एम्ब्रेअर 175 या विमानाला पंखांवर दारे नसतात. त्याची चारही दारे पुढे आणि मागे असतात. मोठ्या ए321 विमानातील दारांची मांडणी ए320 पेक्षा वेगळी असते. म्हणून ‘बारावी रांग म्हणजे मोकळी रांग’ असे पाठ करून ठेवू नये, प्रत्येक वेळी नकाशातील खूण पाहावी. हैदराबाद किंवा मुंबईला विमान बदलून पुढे जायचे असेल तर दोन्ही विमानांचे नकाशे वेगवेगळे पाहावेत.

ज्यांना केवळ पायांसाठी जागा हवी आहे, त्यांच्यासाठी एक चांगला पर्याय आहे, आणि माझ्या वडिलांसाठी मी तोच घ्यायला हवा होता. पहिल्या रांगेपुढे दुसरी सीट नसते, फक्त आडवी भिंत असते, आणि ए320 सारख्या विमानात ती पंखांवरील दाराची रांग नसल्याने तिला या अटी सहसा लागू होत नाहीत. पाय पूर्ण लांब करता येतीलच असे नाही, पण गुडघा पुढच्या सीटला घासत नाही आणि उठणे-बसणे सोपे जाते. त्यातही वाटेलगतची सी किंवा डी सीट ज्येष्ठांसाठी योग्य, कारण दुखरा पाय थोडा वाटेकडे सरकवता येतो. उजवा गुडघा दुखत असेल तर उजवा पाय वाटेकडे येईल अशी सी सीट घ्यावी, डावा दुखत असेल तर डी.

तिसरी पायरी: पैसे किती, आणि द्यावेत की नाही

एस.टी. स्टँडवर रुमाल टाकून जागा धरण्याची आपली जुनी सवय आहे, त्यामुळे सीट आधी धरली नाही तर उभे राहावे लागेल अशी धास्ती नव्या प्रवाशाला वाटते. विमानात तसे होत नाही. तिकिटाच्या मूळ भाड्यातच बसायची जागा येते. विशिष्ट सीट निवडण्याचे जे पैसे असतात ते निवडीचे असतात आणि ते देणे ऐच्छिक आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, अशा सुट्या सेवांसाठी नियम केले आहेत आणि त्यांचे सूत्र असे की, प्रवाशाने स्वतःहून मागितली तरच सेवा द्यायची, आधीच खूण करून ठेवून त्याच्या गळ्यात घालायची नाही. सीट न निवडलेल्या प्रवाशाला उड्डाणापूर्वी सीट आपोआप दिली जाते.

वेब चेक-इन, म्हणजे संकेतस्थळावरून प्रवासाची हजेरी नोंदवणे, उड्डाणाच्या साधारण 48 तास आधी सुरू होते. त्या वेळी पडद्यावर सगळ्या सीटच्या किमती दिसतात आणि पुढे जाण्याची खूण बारीक अक्षरांत असते. तिथे गोंधळून पैसे भरणारे अनेक जण मी पाहिले आहेत. फुकट सीटवर वेगळा रंग असतो तो शोधावा. न सापडल्यास सीट न निवडता पुढे जाण्याचा पर्याय शोधावा. तोही न जमल्यास विमानतळावरील काउंटरवर वेळेआधी पोहोचून बोर्डिंग पास, म्हणजे सीट क्रमांक असलेली विमानात चढण्याची चिठ्ठी, घ्यावी. काउंटरवर बोर्डिंग पास देण्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत, असे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै 2022 मध्ये कंपन्यांना स्पष्ट बजावले आहे.

लहान मुलांच्या पालकांसाठी एप्रिल 2024 मध्ये डीजीसीएने आणखी एक सूचना काढली. 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला, त्याच पीएनआरवर (तिकिटाच्या नोंदणी क्रमांकावर) प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी सीट द्यावी, असे तिच्यात म्हटले आहे. त्यामुळे केवळ मुलाजवळ बसता यावे म्हणून जादा पैसे भरण्याआधी काउंटरवर ही मागणी करावी. यासाठी सगळ्यांची तिकिटे एकाच पीएनआरवर असणे आवश्यक आहे. वेगवेगळ्या मोबाइलवरून, वेगवेगळ्या दिवशी तिकिटे काढली असतील तर हा हक्क सांगणे अवघड जाते.

आपत्कालीन दाराच्या रांगेचे आणि पहिल्या रांगेचे पैसे इतर सीटपेक्षा जास्त असतात. ते मार्गाच्या लांबीनुसार, दिवसानुसार आणि विमान किती भरले आहे त्यानुसार बदलतात. अंदाज यावा म्हणून एक आकडा देतो: जानेवारी 2024 मध्ये इंडिगोने पहिल्या रांगेतील जादा जागेच्या सीटसाठी 2,000 रुपयांपर्यंत आणि त्याच रांगेतील मधल्या सीटसाठी 1,500 रुपयांपर्यंत दर ठेवला होता. संभाजीनगर ते मुंबई हे अंतर विमानाला तासाभराचे आहे. तेवढ्यासाठी साधारण उंचीच्या निरोगी माणसाने हा खर्च करावा असे मला वाटत नाही. सहा फुटांच्या आसपास उंची असलेल्याने बंगळुरूसारख्या लांबच्या प्रवासासाठी तो केला तर समजण्यासारखे आहे.

पैसे भरण्यापूर्वी परताव्याची अट वाचावी. सर्वसाधारण पद्धत अशी असते की, कंपनीने स्वतःच्या कारणाने विमान बदलले किंवा आपली सीट बदलली, तर सीटचे पैसे परत मागता येतात. पण आपण त्या सीटच्या अटींत बसत नाही म्हणून उठवले गेलो, तर ते मिळत नाहीत. तिकीट एजंटाकडून किंवा मध्यस्थ संकेतस्थळावरून काढले असेल, तर पीएनआर घेऊन कंपनीच्या मूळ संकेतस्थळावर सीट खरोखर नोंदली गेली आहे का, हे एकदा पडताळावे. पैसे मागायची वेळ आलीच, तर जुना आणि नवा असे दोन्ही बोर्डिंग पास आणि सीटच्या पैशांची पावती जपून ठेवावी, आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर मंत्रालयाच्या एअरसेवा संकेतस्थळावर किंवा 1915 या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर जावे.

चौथी पायरी: विमानात बसल्यावर

एक्झिट रांगेतील, म्हणजे आपत्कालीन दाराच्या रांगेतील, प्रवाशाने सामानाबाबत इतरांपेक्षा जास्त काटेकोर राहायचे असते. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी या रांगेत पायांशी, मांडीवर किंवा सीटच्या खाली काहीही ठेवता येत नाही. लॅपटॉपची बॅग, पर्स, शाल, डब्याची पिशवी, सगळे डोक्यावरच्या कप्प्यात जाते. ‘लहानच तर पिशवी आहे’ असे म्हणून क्रूशी वाद घालू नये. धुरात, अंधारात त्या पिशवीच्या पट्ट्यात कुणाचा तरी पाय अडकतो.

दारे बंद होण्याच्या सुमारास केबिन क्रू या रांगेतील प्रवाशांशी वेगळे बोलतात. आपण आपत्कालीन दाराजवळ बसलो आहोत, गरज पडल्यास मदत कराल का, असे प्रत्येकाला विचारतात आणि तोंडी होकार घेतात. दार कसे उघडायचे हे सांगतात आणि समोरचे सूचनापत्रक वाचायला लावतात. या दोन मिनिटांत मोबाइल बाजूला ठेवून पूर्ण लक्ष द्यावे. मी स्वतः चार गोष्टी डोळ्यांनी पाहून घेतो: खिट्टी कुठे आहे आणि हाताचा दांडा कुठे आहे, दार आत सुटते की बाहेर उघडते, बाहेर पंख कुठे दिसतो, आणि माझे दार अडले तर त्याच्या जवळचे दुसरे दार कोणते. मँचेस्टरच्या त्या प्रवासी महिलेची गफलत खिट्टी आणि दांडा यांतच झाली होती, हे त्या वेळी मला आठवते. खिडकीचा पडदा उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी उघडा ठेवायचा असतो, कारण बाहेर आग किंवा धूर आहे का हे आधी तिथूनच दिसते.

एरवी त्या खिट्टीला किंवा तिच्यावरील झाकणाला हात लावू नये, टेकूही नये. विमान उंचावर असताना आतील हवेच्या दाबामुळे ही दारे उघडणे माणसाच्या ताकदीबाहेरचे असते, परंतु जमिनीजवळ तसे राहत नाही. मे 2023 मध्ये दक्षिण कोरियात एशियाना कंपनीचे ए321 विमान दैगू येथे उतरत असताना, जमिनीपासून सुमारे 200 मीटरवर एका प्रवाशाने दार उघडले. विमान सुखरूप उतरले, पण श्वास घ्यायला त्रास झाल्याने अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. डिसेंबर 2022 मध्ये चेन्नईहून तिरुचिरापल्लीला निघालेल्या एटीआर या लहान विमानात, विमान जमिनीवर असतानाच, एका प्रवाशाकडून आपत्कालीन दार उघडले गेले. सगळी तपासणी पुन्हा करून मगच ते विमान निघाले. लहान मुलांना कुतूहल असते, मोठ्यांना फोटो काढायचा असतो. या रांगेत दोन्हींना जागा नाही.

पाचवी पायरी: खरोखर वेळ आलीच तर

दार स्वतःच्या अंदाजाने उघडायचे नाही. क्रूचा आदेश येतो, तो मोठ्याने आणि वारंवार दिला जातो, आणि तोपर्यंत विमान पूर्ण थांबलेले असले पाहिजे. आदेश मिळाल्यावरही पट्टा सोडून आधी खिडकीतून बाहेर पाहावे. बाहेर ज्वाळा असतील, दाट धूर असेल किंवा तीक्ष्ण ढिगारा असेल, तर ते दार उघडू नये आणि लोकांना दुसऱ्या दाराकडे वळवावे. उघडे ठेवण्याइतकेच बंद ठेवणेही इथे महत्त्वाचे असते, कारण चुकीच्या बाजूचे दार उघडले तर आग आत येते.

बाहेर सुरक्षित असेल तर ए320 मध्ये झाकण काढून खिट्टी पूर्ण खाली ओढावी, दुसऱ्या हाताने दाराला खालून आधार द्यावा, आणि ते सुटले की पंखावर दूर फेकून द्यावे. आतल्या सीटवर ठेवू नये, कारण तिथे ते वाट अडवते. आधी एक पाय बाहेर टाकावा, मग वाकून धड न्यावे, मग दुसरा पाय. पंखावर चालण्याची दिशा बाणांनी रंगवलेली असते. ती विमानाच्या मागच्या बाजूला जाते. ए320 मध्ये तिथे हवेने फुगणारी घसरपट्टी आपोआप उघडते. बोइंग 737 मध्ये पंखाच्या मागच्या उताराच्या पात्यावरून घसरून उतरावे लागते. खाली उतरल्यावर थांबून फोन काढू नये. विमानापासून लांब जावे आणि मागून येणाऱ्यांना हाताने बोलवावे.

हे सगळे सामान्य प्रवासी करू शकतात. 15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्षी धडकून दोन्ही इंजिने बंद पडलेले ए320 विमान हडसन नदीत उतरवले गेले, तेव्हा पंखांवरील दारे प्रवाशांनीच उघडली आणि विमानातील सर्व 155 जण वाचले. पंखांवर ओळीने उभ्या असलेल्या त्या माणसांचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. ती माणसे ज्या दारांतून बाहेर आली, तशाच दाराजवळची सीट आपण विकत घेतो.

राहिला सामानाचा प्रश्न, आणि आपल्याकडील माणसाला तो सर्वांत जड जातो. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरलेले जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या लहान विमानावर आदळून पेटले. लहान विमानातील सहापैकी पाच जण गेले. मोठ्या विमानातील सर्व 379 जण मात्र बाहेर पडले, आणि तेही आठपैकी केवळ तीन दारांतून. त्यांनी डोक्यावरच्या कप्प्यातील बॅगा तशाच जळू दिल्या. बॅग न घेता उठणे सोपे जावे, यासाठी विमानात चढण्यापूर्वीच थोडी तजवीज करता येते. एक्झिट रांगेत पिशवी वर ठेवावीच लागते, म्हणून त्या दिवशीची औषधे, आधार कार्ड, चष्मा, थोडे पैसे आणि मोबाइल सदऱ्याच्या किंवा पँटच्या बंद होणाऱ्या खिशात ठेवावेत. स्त्रियांनी साडी नेसली असेल तर कमरेला बांधता येणारा लहान कापडी बटवा घ्यावा आणि पदर खोचून बसावे. पायांतील चपला किंवा बूट उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी काढू नयेत.